शाळेचे वाचन आणि घरचे बोलणे : प्राथमिक वर्गांतील मुलांना पालकांचे साहाय्य

'मुलाचा अभ्यास घेणे' हा शब्दप्रयोग मराठी घरांत इतका रूढ आहे की, त्यातील क्रियापदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अभ्यास मूल करते, शिक्षक तो देतात आणि आईवडील तो घेतात. या 'घेण्या'त परीक्षकाची भूमिका गृहीत धरलेली आहे. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे त्यानेच प्रश्न विचारावा, मुलाने उत्तर द्यावे आणि चुकल्यास त्याने दुरुस्त करावे, असा हा व्यवहार आहे. साहजिकच ज्या आईची शाळा चौथीत सुटली, किंवा जिने शाळेचा उंबरठाच ओलांडला नाही, ती स्वतःला या व्यवहारातून वगळते. 'आम्हांला काय त्यातलं कळतंय' हे तिचे उद्गार नम्रतेचे नसून एका प्रचलित समजुतीचे प्रतिध्वनी असतात. मग पहिली-दुसरीतील मुलासाठीसुद्धा शिकवणी लावली जाते, आणि घरात उपलब्ध असलेले सर्वांत मोठे शैक्षणिक साधन, म्हणजे घरातील माणसांचे बोलणे, विनावापर पडून राहते. ही समजूत भाषाशास्त्राच्या दृष्टीने कितपत खरी आहे, हे तपासण्याजोगे आहे.

कायद्याने पालकाला शाळेत स्थान दिले आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या कलम 21 अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. कलम 24 अन्वये शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांच्या कानी घालावयाची असते. परंतु सभेतून घरी परतल्यावर त्या पालकाने नेमके काय करावे, यासंबंधी कायदा मुग्ध आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. ते ठरविण्यास आधी वाचन म्हणजे काय याचा उलगडा व्हावा लागतो.

फिलिप गफ आणि विल्यम टन्मर या दोन अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाविषयी एक अत्यंत साधी मांडणी केली. वाचून समजणे हा दोन शक्तींचा गुणाकार होय : एक, लिपीवरून शब्द ओळखण्याची शक्ती, दुसरी, ऐकलेली भाषा समजण्याची शक्ती. यात बेरीज नसून गुणाकार आहे, ही गोष्ट महत्त्वाची. दोहोंपैकी एक शून्य असेल तर फलही शून्यच. अक्षरे खडाखडा वाचणारे पण वाक्याचा अर्थ न सांगू शकणारे मूल आणि गोष्ट ऐकून तल्लीन होणारे पण अक्षरापाशी अडखळणारे मूल, ही दोन्ही एकाच समीकरणाची दोन टोके आहेत. या मांडणीवर पुढे आक्षेप घेतले गेले आणि तिच्यात भरही पडली. तथापि पालकांच्या प्रश्नापुरती ती पुरेशी आहे. पहिली शक्ती मुख्यतः शाळेने द्यावयाची असते. दुसरी मात्र मूल शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी पाच-सहा वर्षे घरात मिळवीत आलेले असते, आणि पुढेही ती तेथेच वाढत राहते. ती वाढविण्यासाठी पालकाला अक्षरज्ञान लागतेच असे नाही.

महाराष्ट्रात या दुसऱ्या शक्तीची उपेक्षा कशी होते, याचे एक प्रत्यंतर शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर या भागांत केलेल्या अभ्यासातून मिळाले. प्राथमिक वर्गांतील बहुतेक वेळ अक्षरे, बाराखडी आणि नक्कल यांत जातो. मजकुराचा अर्थ, त्यावरचे बोलणे, मुलाचे स्वतःचे म्हणणे यांना फारच थोडी जागा मिळते, असे त्यात दिसून आले. शाळा ज्या घटकाकडे कमी पाहते तोच घटक घराच्या आवाक्यात आहे, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे.

मात्र घरात नुसते पुस्तक आणून ठेवल्याने किंवा चित्रावर बोट ठेवून 'हे काय? हत्ती. हे काय? झाड.' असे विचारत राहिल्याने काम भागत नाही. शर्ली ब्राइस हीथ यांनी अमेरिकेतील कॅरोलिना भागातील श्रमिक वस्त्यांचा दीर्घकाळ सहवासाने अभ्यास करून 1983 मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अशा एका वस्तीचे वर्णन आहे. तेथील आईबाप मुलांना हौसेने पुस्तके वाचून दाखवीत, वस्तूंची नावे विचारीत, अचूक उत्तराचे कौतुक करीत. ती मुले पहिल्या एक-दोन इयत्तांत चांगली चमकली. पण पुस्तकात घडलेल्या गोष्टीचा आपल्या जगण्यातील गोष्टीशी संबंध जोडण्याची सवय त्यांना लागलेली नव्हती, आणि चौथीच्या सुमारास ती मागे पडू लागली. उलट ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मांडलेल्या संवादात्मक वाचनाच्या पद्धतीत भूमिकांची अदलाबदल असते : हळूहळू मूल सांगणारे होते आणि मोठे माणूस ऐकणारे. 'मग काय झालं?', 'म्हातारी का बरं घाबरली?', 'तुझ्या आजोबांच्या वेळी असंच झालं होतं ना?' यांसारख्या प्रश्नांना एका शब्दाचे उत्तर पुरत नाही. कारणे सांगताना मुलाला 'म्हणून', 'तरीसुद्धा', 'नाहीतर', 'जोपर्यंत' असे जोडशब्द वापरावे लागतात, आणि हेच शब्द तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात त्याला छापील रूपात भेटणार असतात. ज्या आजीला वाचता येत नाही तिला हे प्रश्न विचारता येतात. किंबहुना चित्रे पाहून नातवाकडून गोष्ट वदवून घेणाऱ्या आजीचे अज्ञान येथे उपयोगीच पडते, कारण तिचे कुतूहल खरे असते.

आता पहिल्या शक्तीकडे, म्हणजे लिपीकडे, वळावयाचे. येथे पालकाचे साहाय्य मुख्यतः धीर धरण्याच्या स्वरूपाचे आहे, आणि धीर धरावयाचा तर अडचण कोठे आहे हे कळले पाहिजे. 'मराठी जसे बोलतो तसेच लिहितो' हे वाक्य पालकसभांतून वारंवार ऐकू येते. ते अर्धसत्य आहे. 'कमळ' हा शब्द मूल 'क', 'म', 'ळ' असा सुटा वाचते तेव्हा तिन्ही अक्षरांत 'अ' असतो. बोलण्यातील शब्दात मात्र शेवटचा 'अ' लोपलेला असतो. 'करवत' या शब्दात तर मधल्या 'र'मधील 'अ'सुद्धा जातो. मूल सुटी अक्षरे बरोबर म्हणूनही शब्द ओळखत नाही, याचे हे एक कारण होय. अशा वेळी 'पुन्हा वाच' असे म्हणण्यापेक्षा 'आता भरभर म्हण, कशासारखं वाटतं?' असे विचारणे अधिक फलदायी ठरते. 'चारा' आणि 'चार' यांतील 'च' एकच लिहिला जातो, उच्चार मात्र वेगळे. 'झाड' आणि 'झेंडा' यांतील 'झ'चेही तसेच. मराठी घरातील मुलाला हा भेद शिकवावा लागत नाही, कारण त्याचा कान तो जाणतो. ज्याच्या घरी मराठी बोलली जात नाही त्याला मात्र लिपी येथे काहीच मदत करीत नाही. अनुस्वाराचे तेच : 'गंगा', 'चंचल', 'पंत', 'आंबा' यांत बिंदू एकच, पण तोंडातील क्रिया चार प्रकारच्या. 'ि' ही वेलांटी लिहिली आधी जाते आणि उच्चारली नंतर जाते. 'र' तर चक्र, सूर्य, राष्ट्र आणि तऱ्हा या चार शब्दांत चार वेष घेऊन येतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील अर्थभेद एवढ्या एका चिन्हावर उभा आहे.

अशा लिपीवर प्रभुत्व मिळविण्यास काळ लागतो. सोनाली नाग यांनी 2007 मध्ये कन्नड मुलांच्या बाबतीत दाखवून दिले की, अक्षरसमूहाचे ज्ञान इंग्रजीप्रमाणे वर्षा-दीड वर्षात पुरे होत नाही. ते चौथीपर्यंत आणि त्यापुढेही चालू राहते. देवनागरीची रचना त्याच जातीची असल्याने मराठी पालकांनाही त्यातून दिलासा मिळावा. दुसरीतील मूल जोडाक्षरात चुकते म्हणून ते मंद आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होय. ऱ्हस्वदीर्घाविषयी तर पहिल्या दोन वर्षांत घरातून आग्रह धरूच नये, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. 1962 साली शासनमान्य झालेल्या लेखनविषयक नियमांनुसार शब्दाच्या अंती येणारा इकार-उकार सामान्यतः दीर्घ लिहावयाचा असतो. परंतु मराठी बोलण्यात तेथे ऱ्हस्व आणि दीर्घ असा अर्थभेदक फरक नाही. जे कानाला ऐकू येत नाही ते डोळ्याने, म्हणजे बऱ्याच वाचनानंतरच, शिकावयाचे असते.

वर्णमालेच्या क्रमाविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांची पायरी-पायरीने केलेली ही मांडणी भाषाविचाराचे भूषण आहे यात शंका नाही. पण वाचनाच्या आरंभाला ती सोयीची आहेच असे नाही. 'ङ'ने सुरू होणारा एकही शब्द मुलाच्या तोंडी नसतो. फलटण येथील मराठीच्या सामाजिक भेदांवर प्रबंध लिहिणाऱ्या आणि पुढे तेथेच शाळा उभारणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी मोजकी अक्षरे आणि त्यांसोबत काही स्वरचिन्हे एकदम देऊन लगेच अर्थपूर्ण शब्द वाचता येतील अशा रीतीने वाचनशिक्षणाची आखणी केली. घरात 'क ते ज्ञ' म्हणून घेण्याचा आग्रह धरणाऱ्या पालकाने शाळेचा क्रम वेगळा दिसला तर बिचकू नये.

यापेक्षाही नाजूक विषय बोलीचा आहे. ज्या घरात 'पानी', 'लोनी', 'आमी', 'हाय' असे बोलले जाते तेथील मूल पाठ्यपुस्तकातील 'पाणी' हा शब्द 'पानी' असा मोठ्याने वाचते. ऐकणारा, मग तो शिक्षक असो वा शिकलेला काका, तत्काळ थांबवितो : 'पानी नाही, पाणी!' वस्तुतः त्या मुलाने शब्द ओळखला आहे, त्याचा अर्थ घेतला आहे आणि तो आपल्या बोलीच्या नियमानुसार उच्चारला आहे. त्या बोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो तो कधीमधी चुकून नव्हे, नियमाने येतो. केनेथ गुडमन यांनी 1960 नंतरच्या दशकात वाचनातील 'चुकां'चे जे विश्लेषण केले त्यातून हेच पुढे आले की, मजकूर न समजल्याने होणारा बदल आणि समजल्यामुळेच होणारा बदल हे दोन भिन्न प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारावर बोट ठेवणे म्हणजे वाचन साधले त्याच क्षणी ते फसले असे मुलाला सांगणे होय. आणि येथे हानी केवळ वाचनाची होत नाही. आपली आई जसे बोलते ते चूक आहे, हा पाठ मूल त्याच वेळी शिकते. मग ते शाळेतील गोष्टी घरी सांगेनासे होते आणि घरच्या गोष्टी शाळेत. पालक स्वतःच शरमेने मुलाशी बोलणे आखडते घेतात, किंवा पुस्तकी भाषेचे तुटक अनुकरण करू लागतात. समृद्ध बोलीच्या जागी दरिद्री प्रमाणभाषा येते. यापेक्षा 'आपण पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात' एवढे वाक्य पुरेसे आहे. त्यात दोन्हींची नोंद होते आणि लेखनाचे रूपही लक्षात राहते.

गणितात घराचे साहाय्य आणखी वेगळ्या कारणाने लागते. मराठी संख्यानामांची रचना मुलाच्या दृष्टीने बरीच अवघड आहे. 'सत्तावीस' यात एकक आधी ऐकू येतो व दशक नंतर. लिहिताना मात्र 2 आधी व 7 नंतर. सत्तावीस ऐकून 72 लिहिणारे मूल कानाशी प्रामाणिक असते. 'एकोणतीस' ऐकून 39 लिहिणाऱ्याची अडचण दुहेरी आहे : 'एकोण' म्हणजे 'एकाने उणे', म्हणजे येथे वजाबाकी दडलेली आहे, पण कानावर 'तीस' पडते. ही रीत एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्याण्णवला अकस्मात मोडते. 'तीन' हा अंक तेवीसमध्ये 'ते', त्रेचाळीसमध्ये 'त्रे' आणि त्र्याहत्तरमध्ये 'त्र्या' होतो. 'पन्नास' कधी 'वन्न' तर कधी 'पन्न', आणि 'सत्तर' 'हत्तर' होते. एकवीस ते नव्याण्णव यांमधील पूर्ण दशके वगळली तर 72 नावे उरतात, आणि ती जवळजवळ एकेक करून पाठ करावी लागतात. चिनी भाषेत 'दोन-दहा-सात' अशा अर्थाचे पारदर्शक नाव असते. चिनी मुले दहाच्या पुढील मोजणी अमेरिकन मुलांपेक्षा लवकर आत्मसात करतात, असे केविन मिलर व जेम्स स्टिगलर यांनी 1987 मध्ये नोंदविले.

ही अडचण ध्यानी घेऊन बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची रीत देण्यात आली, तेव्हा 2019 च्या जून महिन्यात महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी रूढ नावे काढून टाकलेली नाहीत हे वारंवार स्पष्ट केले. तरी वादाचा रोख मुलाच्या अडचणीकडे न राहता भाषेच्या अस्मितेकडे गेला. वस्तुतः घरात या दोन्ही रीती एकत्र नांदू शकतात. रूढ नाव बाजारात, बसच्या तिकिटात, दिनदर्शिकेवर राहील. आणि मूल लिहिताना अडले की 'सत्तावीस म्हणजे वीस आणि सात' अशी फोड करून द्यावी. दहा-दहा काड्यांचे जुडगे आणि सुट्या काड्या एवढ्या साधनावर ही फोड डोळ्यांना दिसते.

मराठीने एका बाबतीत जे कठीण केले, ते दुसऱ्या बाबतीत सोपे करून ठेवले आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे अपूर्णांकांचे स्वतंत्र शब्द बोलण्यात जिवंत आहेत. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे ही रूपे भाजी विकणाऱ्या निरक्षर बाईच्या जिभेवर असतात, आणि 'पावणेदोनशे' म्हणजे दोनशेत पाव शेकडा कमी, हा हिशेब ती क्षणात करते. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी यांचे पाढे म्हणून घेत. साडेतीनाला 'औट' म्हणतात हे आज मुलांना सांगावे लागते. ती घोकंपट्टी परत आणावी असे नव्हे. पण शाळेत अंश आणि छेद येण्यापूर्वीच मुलाने पाव किलो वांगी आणि पाऊण लिटर दूध हातात धरलेले असते. त्याला 'पाव किलो चार वेळा घेतलं तर किती?' असे विचारणारी आई अपूर्णांकच शिकवीत असते, तिला त्याची जाणीव नसली तरी.

अशा घरगुती प्रयत्नांचे फळ किती, याविषयी अतिशयोक्ती टाळली पाहिजे. रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी व मार्क शॉटलँड यांनी बिहार आणि राजस्थानात मातांसाठी साक्षरतावर्ग आणि मुलांबरोबर घरी करावयाच्या कृती, असे दोन्ही उपाय योजून पाहिले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार मातांच्या शिक्षणात वाढ झाली, मुलांच्या गणितातही झाली, परंतु मुलांमधील वाढ अल्प होती. महाराष्ट्रात 2022 पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' या अभियानात मातांचे गट करण्यात आले. त्यामागील कल्पनाही हीच, की आईला शिक्षिका बनविण्याऐवजी तिच्या हाती रोजच्या कामात बसेल अशी लहानशी कृती द्यावी. गृहपाठाविषयी तर हॅरिस कूपर यांच्या 1989 पासूनच्या आढाव्यांतून हे पुन्हापुन्हा दिसले आहे की, वरच्या इयत्तांत गृहपाठाचा संपादनाशी जो संबंध दिसतो तो प्राथमिक इयत्तांत जवळपास दिसत नाही. रात्री नऊ वाजता पेंगणाऱ्या मुलाकडून दहा वेळा एकच ओळ लिहून घेणाऱ्या वडिलांना हे कोणी तरी सांगावयास हवे. त्या वेळात अंधारात पडल्या-पडल्या एक गोष्ट सांगितली तर तिचे मोल अधिक.

जेथे घरची भाषा आणि शाळेची भाषा यांत बोलीचाच नव्हे तर भाषेचाच फरक आहे, तेथे प्रश्न अधिक खोल जातो. गोव्यात घरी कोकणी बोलणारी अनेक मुले मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांत शिकतात. तेथे निदान दोन्ही भाषा एका कुळातील आणि मोठ्या प्रमाणावर परिचयाच्या आहेत. मेळघाटातील कोरकू मात्र ऑस्ट्रोआशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील आहे आणि गोंडी द्राविडी. मराठीशी त्यांचे वंशनाते नाही. अशा घरातील पालकांना 'मुलाशी मराठीत बोला' असा सल्ला सद्‌हेतूने दिला जातो, आणि तो बहुधा उलटा पडतो. ज्या भाषेत आईला स्वतःला मोकळेपणाने कारण सांगता येत नाही त्या भाषेत ती मुलाला गोष्टीतील 'का' आणि 'मग' देऊ शकत नाही. गुणाकारातील दुसरा घटक मातृभाषेतच वाढतो. एकदा वाढला म्हणजे नव्या भाषेत त्याची पुनर्बांधणी करणे तुलनेने सोपे जाते. 2009 च्या कायद्याचे कलम 29 शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे सांगते, पण कोरकूचे शिक्षक आणि पुस्तके थोडी आहेत. तोवर आईने रात्री सांगितलेली कोरकू गोष्ट मुलाने सकाळी वर्गात आधी कोरकूत सांगावी, वरच्या वर्गातील मुलाने तिचे मराठी करावे आणि शिक्षकाने तीच चार वाक्ये फळ्यावर लिहून त्या दिवसाचा पाठ म्हणून वाचून घ्यावीत, इतके कोणत्याही शाळेत होऊ शकते. त्यासाठी लागतो फक्त एक खडू, आणि ती गोष्ट ऐकून घेण्यास लागणारा अर्धा तास.